सहल-जहाजे

सहल-जहाजे : प्रवाशांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचविणे हा ज्यांचा मुख्य उद्देश नसतो, तर जहाजावरील वास्तव्य आणि वाटेतील बंदरांचे दर्शन यांसाठीच ज्यांची सफर आखलेली असते, अशी प्रवासी जहाजे. व्यवहारात त्यांना क्रूझ असे म्हणतात. नियमित प्रवासी जहाज ठरलेल्या दोन बंदरांमध्ये वेळापत्रकानुसार ये-जा करते. सहल-जहाज बहुधा ज्या बंदरातून निघते, तेथेच काही दिवसांनी परत येते. विसाव्या शतकात मुंबई-कोकण-गोवा किनाऱ्यावर चालणाऱ्या आगबोटी पहिल्या प्रकारात मोडत. कारण त्यांतील उतारूला आपापल्या बंदरात उतरावयाचे असे व बोटीवरील रात्र ही त्याच्या दृष्टीने केवळ सोसावयाची गोष्ट होती. सहल-जहाजावरील प्रवासी त्या रात्रीसाठीच पैसे मोजतो.

सहल-जहाजांच्या कंपन्या अनेक असून त्यांच्या जाहिरातींत त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात मात्र एकीचा अनुभव दुसरीपेक्षा फार वेगळा असतो. हा फरक मुख्यतः चार गोष्टींमुळे पडतो : दर प्रवाशामागे उपलब्ध असलेली जागा, प्रवाशांच्या मानाने सेवकवर्गाची संख्या, भाड्यात अंतर्भूत असलेल्या सोयी, आणि सफरीचे मुख्य आकर्षण जहाज आहे की बंदरे आहेत, हे. या चारही गोष्टी बऱ्याच अंशी मोजून पाहता येतात. पाचवी गोष्ट म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांची सेवास्थिती. ती प्रवाशाला सहसा दिसत नाही. तथापि उरलेल्या चारही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात.

इतिहास : सागरी सहलींचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकात झाला. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल (पी अँड ओ) या ब्रिटिश कंपनीने १८४४ मध्ये भूमध्य समुद्रातील आपल्या जहाजांवरून कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरी यांना मोफत प्रवास घडविला व त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिले. सागरी सहलीची ती एक आरंभीची जाहिरातच होय. जर्मनीत हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीचे संचालक आल्बर्ट बालीन यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील प्रवासी घटत व मोठी जहाजे रिकामी राहत. म्हणून त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीवर धाडले. ती सफर यशस्वी झाली. पुढे याच कंपनीने केवळ सहलींसाठी बांधलेले ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे जहाज १९०० मध्ये पाण्यात उतरविले. पण १९०६ मध्ये ते जमेकाच्या किनाऱ्यावर खडकांत अडकून निकामी झाले.

या धंद्याला खरी कलाटणी मिळाली ती विमानामुळे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारी जेट विमानसेवा सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. नियमित जहाजसेवा एकामागून एक बंद पडू लागल्या. नॉर्वेचे क्नूट क्लोस्टर व इझ्राएलमध्ये जन्मलेले टेड अ‍ॅरिसन यांनी १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ या जहाजाद्वारे मायामीहून कॅरिबियन बेटांच्या नियमित सहली सुरू केल्या. १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन ही कंपनी स्थापन झाली. क्लोस्टर यांच्यापासून विभक्त झाल्यावर अ‍ॅरिसन यांनी १९७२ मध्ये कार्निव्हल ही कंपनी काढली. तिचे पहिले जहाज ‘मार्डी ग्रा’ हे एक जुने अटलांटिक जहाज होते व पहिल्याच सफरीत ते मायामीबाहेर वाळूत रुतले. नवी जहाजे बांधण्याइतके भांडवल नसल्याने ते संथ चालवून प्रवाशांचे जहाजावरच मनोरंजन करावयाचे, या धोरणातून स्वस्त व गजबजलेल्या सहलींची परंपरा निर्माण झाली. ‘द लव्ह बोट’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेने (१९७७ पासून) प्रिन्सेस कंपनीचे नाव घरोघरी पोचविले.

‘फ्रान्स’ या जहाजाच्या चरित्रात हे सर्व स्थित्यंतर एकवटलेले दिसते. १९६२ मध्ये अटलांटिक वाहतुकीसाठी सेवेत आलेले हे प्रतिष्ठित जहाज १९७४ मध्ये बंद पडले. १९८० पासून ते ‘नॉर्वे’ या नावाने कॅरिबियन समुद्रात सहल-जहाज म्हणून चालले. २००३ मध्ये बाष्पित्राचा स्फोट होऊन त्यावरील कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याची कारकीर्द संपली. २००६ मध्ये ते मोडण्यासाठी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर आणण्यात आले. त्यातील अ‍ॅस्बेस्टसवरून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला व न्यायालयाच्या अनुमतीनंतरच ते मोडण्यात आले.

तुलनेची गमके : जहाजाचा आकार ‘एकूण टनभार’ या परिमाणाने सांगतात. हे वजन नसून जहाजाच्या बंदिस्त भागाच्या घनफळावरून काढलेला आकडा आहे. त्याला, प्रत्येक खोलीत दोघे धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागले म्हणजे दर प्रवाशामागील जागेचे गुणोत्तर मिळते. ते ३० च्या आसपास असल्यास गर्दी जाणवते. ५० च्या पुढे ऐसपैसपणा येतो.

कार्निव्हलच्या नव्या ‘मार्डी ग्रा’ जहाजाचे (१,८०,८०० टन, ५,२८२ प्रवासी) हे गुणोत्तर सु. ३४ येते. रॉयल कॅरिबियनचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज (२,४८,६६३ टन, ५,६१० प्रवासी) जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आले. आकाराने ते ‘टायटॅनिक’च्या पाचपटींहून मोठे असून त्याचे गुणोत्तर ४४ येते. व्हायकिंग कंपनीच्या ९३० प्रवाशांच्या ‘व्हायकिंग स्टार’चे (२०१५) ते ५१, कुनार्डच्या ‘क्वीन मेरी २’चे (२००४) ५५, तर सीबोर्न कंपनीच्या ४५० प्रवाशांच्या ‘सीबोर्न क्वेस्ट’चे (२०११) सु. ७१ आहे. जहाज मोठे म्हणजे जागा अधिक, असा नियम नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होईल.

या गुणोत्तरात एक उणीव आहे. कौटुंबिक जहाजांवर एका खोलीत मुलांसह तिघे-चौघे राहतात. तेव्हा प्रत्यक्ष संख्या बरीच वाढते. ‘आयकॉन’वर जास्तीत जास्त सु. ७,६०० प्रवासी मावतात व तेवढे असल्यास गुणोत्तर ३३ पर्यंत उतरते. म्हणूनच शाळांच्या सुटीत घेतलेला अनुभव व एरवीचा अनुभव यांत एकाच जहाजावरही अंतर पडते.

सेवकवर्गाचे प्रमाण असेच काढता येते. ‘आयकॉन’वर सु. २,३५० कर्मचारी, म्हणजे दर कर्मचाऱ्यामागे २.४ प्रवासी, ‘क्वीन मेरी २’वर हे प्रमाण सु. २.१, तर ‘सीबोर्न क्वेस्ट’वर सु. १.४ आहे. खोलीची स्वच्छता, भोजनातील तत्परता व सेवकाला प्रवाशाचे नाव ठाऊक असणे, या गोष्टी या आकड्यावर अवलंबून असतात.

कंपन्यांचे प्रकार : (१) लोकप्रिय मोठी जहाजे : कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन आणि भूमध्य समुद्रात प्रबळ असलेली एमएससी या कंपन्या या वर्गात येतात. येथे जहाज हेच गंतव्य स्थान असते. ‘आयकॉन’वर सात तलाव व सहा जलघसरगुंड्या आहेत, ‘मार्डी ग्रा’वर समुद्रावरील पहिली झोकगाडी आहे. नॉर्वेजियन कंपनीने २००० च्या सुमारास ठरावीक वेळेची व ठरावीक मेजाची भोजनपद्धती सैल करून प्रवाशाने हवे तेव्हा, हवे तेथे जेवावे अशी प्रथा पाडली. तिच्या ‘एपिक’ जहाजावर (२०१०) एकट्या प्रवाशांसाठी १२८ लहान खोल्या ठेवण्यात आल्या. एरवी एकट्याला खोलीचे जवळजवळ दुप्पट भाडे भरावे लागे. या जहाजांवर एकांत शोधणाऱ्याची निराशा होते. मुलांसह जाणाऱ्याची सहसा होत नाही.

(२) कौटुंबिक जहाजे : १९९८ मध्ये सुरू झालेल्या डिस्नी कंपनीच्या जहाजांवर जुगारगृह नसते. प्रवासी दररोज वेगळ्या भोजनगृहात जेवतात व त्यांचे वाढपी त्यांच्याबरोबर फिरतात. त्यामुळे मुलांना ओळखीचे माणूस रोज भेटते. साधी वाटणारी ही योजना सेवेचा दर्जा केवळ संख्येवर ठरत नाही, हे दाखविते.

(३) परंपरानिष्ठ जहाजे : कुनार्ड कंपनीची स्थापना १८४० ची आहे. ‘क्वीन मेरी २’ हे खऱ्या अर्थाने महासागरी जहाज असून त्याचा सांगाडा अटलांटिकच्या लाटांसाठी अधिक मजबूत बांधला आहे व वेग ताशी सु. ३० सागरी मैलांपर्यंत जातो. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही सफर ते सात रात्रींत पुरी करते. या सफरीत वाटेत बंदर नसते. ग्रंथालय, तारांगण व व्याख्याने यांवर दिवस जातात. पाळीव कुत्र्यांसाठीही त्यावर सोय आहे. खोलीच्या दरानुसार भोजनगृह ठरते. म्हणजे जुन्या वर्गव्यवस्थेची खूण अद्याप टिकून आहे.

(४) लहान व महागडी जहाजे : सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजंट इ. कंपन्यांची जहाजे बहुधा हजारापेक्षा कमी प्रवाशांची असतात. मद्य व बक्षिसी भाड्यातच धरलेली असते. रीजंटच्या भाड्यात किनाऱ्यावरील सहलीही येतात. लहान आकारामुळे मोठ्या जहाजांना दुर्गम असलेल्या बंदरांत ती जाऊ शकतात. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नसतो, जुगारगृह नसते व प्रत्येक बंदरात एक सहल भाड्यात मिळते. येथे जहाज हे साधन व बंदर हे साध्य मानले जाते.

(५) अन्वेषण-जहाजे : स्वीडिश-अमेरिकन प्रवासयोजक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये अंटार्क्टिकाची सफर योजिली व १९६९ मध्ये त्यासाठी ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे जहाज बांधून घेतले. तेथील आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरविता येत नाही व एका स्थळी एका वेळी शंभरापेक्षा अधिक प्रवासी उतरू शकत नाहीत. तेव्हा या भागात जहाजाचा लहानपणा ही चैन नसून गरज ठरते. तेच जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बुडाले. त्यावरील सर्वांना वाचविण्यात आले. कारण नॉर्वेचे एक प्रवासी जहाज काही तासांच्या अंतरावर होते.

एवढे वैविध्य दिसले, तरी मालकी मात्र थोड्या हातांत आहे. कार्निव्हल समूहाकडे कार्निव्हल, प्रिन्सेस, कुनार्ड, हॉलंड अमेरिका, कोस्टा, सीबोर्न व पी अँड ओ क्रूझेस. रॉयल कॅरिबियन समूहाकडे सेलिब्रिटी व सिल्व्हरसी. तर नॉर्वेजियन समूहाकडे ओशनिया व रीजंट आहेत. यांखेरीज एमएससी ही खाजगी कौटुंबिक मालकीची आहे. त्यामुळे भिन्न नावांमधील स्पर्धा ही पुष्कळदा एकाच व्यापाऱ्याच्या दोन दुकानांमधील असते.

भाडे : जाहिरातीतील भाडे व प्रत्यक्ष खर्च यांत मोठे अंतर असू शकते. मोठ्या जहाजांच्या भाड्यात खोली, मुख्य भोजनगृह व बहुतेक करमणूक येते; परंतु मद्य, खास भोजनगृहे, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली व दररोजचे सेवाशुल्क ही वेगळी आकारली जातात. महागड्या कंपनीचे भाडे दुप्पट दिसले, तरी हे सर्व मिळविल्यावर फरक कमी होतो. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना सफरीच्या अखेरीस होणाऱ्या एकूण खर्चास रात्रींच्या संख्येने भागणे हीच योग्य रीत होय. खोली निवडताना जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील खोलीत हेलकावे कमी जाणवतात, हेही ध्यानात घ्यावे. ती बहुधा स्वस्तही असते.

आरोग्य व सुरक्षितता : अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७५ मध्ये जहाज-स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार अमेरिकन बंदरांना येणाऱ्या परदेशी सफरींच्या जहाजांची पूर्वसूचना न देता तपासणी होत असे. शंभरांपैकी ८६ गुण मिळाल्यास जहाज उत्तीर्ण ठरे व गुण प्रसिद्ध केले जात. जाहिरातीवर न विसंबणाऱ्या प्रवाशास असे गुणपत्रक फार उपयोगी पडते.

१३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळले. जहाजावर चार हजार दोनशेहून अधिक लोक होते. त्यांपैकी ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांना आपत्कालीन सराव देण्यात आलेला नव्हता, कारण तत्कालीन नियमानुसार तो चोवीस तासांत दिला तरी चाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला व २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

कर्मचारी : सहल-जहाजावरील कर्मचारी प्रामुख्याने फिलिपीन्स, भारत व इंडोनेशिया या देशांतील असतात. भारताचा हा संबंध जुना आहे. पी अँड ओच्या जहाजांवर भोजनगृह व प्रवासीकक्ष यांची सेवा गोमंतकीयांकडे असे. डेकवरील खलाशांत रत्नागिरी भागातील कोकणी मुसलमानही असत. गोव्यात दर्यावर्दीला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्यातील गावोगावच्या लोकांनी स्थापिलेल्या कुडी आहेत. जहाजाची वाट पाहणारे तारवटी तेथे अल्प खर्चात मुक्काम करीत व गावातील आपल्या लोकांशी संबंध टिकवीत. आजही गोव्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ जहाजावरील नोकरीवर चालतो.

जहाजांची नोंदणी बहुधा बहामा, पनामा, बर्म्यूडा यांसारख्या देशांत केलेली असते. कर व कामगार-कायदे सौम्य असणे हे त्याचे प्रमुख कारण होय. ‘क्वीन मेरी २’ची नोंदणीही २०११ मध्ये साउथॅम्प्टनहून बर्म्यूडात हलविण्यात आली, तेथील कायद्याप्रमाणे कप्तानाला जहाजावर विवाह लावता येतात, हाही त्याचा एक लाभ. २००६ च्या सागरी श्रम अभिसंधीने (२०१३ पासून अंमल, भारताचे अनुसमर्थन २०१५) कामाची कमाल मर्यादा दिवसाला १४ तास व आठवड्याला ७२ तास किंवा विश्रांतीची किमान मर्यादा दिवसाला १० तास व आठवड्याला ७७ तास अशी घालून दिली. ही मर्यादा संरक्षण देणारी असली, तरी सात-आठ महिने सुटीविना याच क्रमाने काम करणे म्हणजे काय, याची कल्पना प्रवाशाला क्वचितच येते. अनेक कंपन्यांत वाढपी व कक्षसेवक यांच्या मिळकतीचा मोठा भाग सेवाशुल्क व बक्षिसी यांतून येतो. म्हणून ते शुल्क रद्द करून घेणारा प्रवासी कंपनीचे नव्हे, तर सेवकाचे नुकसान करतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’वर ही बाजू ठळकपणे उघड झाली. योकोहामा बंदरात विलग ठेवलेल्या या जहाजावर ३,७११ लोक होते. त्यांपैकी ७१२ जणांना कोविड-१९ ची लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना कर्मचारी मात्र सामाईक खोल्यांत राहून त्यांना अन्न पोचवीत होते. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. जहाज ब्रिटिश ध्वजाखाली, कंपनी अमेरिकन, बंदर जपानी व सेवक अनेक देशांचे. तेव्हा जबाबदारी नक्की कोणाची, या प्रश्नाचे सरळ उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते.

पर्यावरण : जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून जगभर ०.५ टक्क्यावर आणण्यात आली. काही नवी जहाजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्यामुळे धूर कमी होतो, परंतु न जळता निसटणाऱ्या मिथेन वायूचा प्रश्न उरतो. लहान बंदरात एका दिवशी हजारो प्रवासी उतरल्यास स्थानिक जीवनावर ताण पडतो. व्हेनिसमध्ये नागरिकांच्या दीर्घकालीन विरोधानंतर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात बंदी करण्यात आली.

भारत : मुंबईहून सहल-जहाज चालविण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. स्टार क्रूझेसने २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ येथे आणले. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारी ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा नौका २०१८ मध्ये, तर ‘कर्णिका’ हे जहाज २०१९ मध्ये सुरू झाले. ही दोन्ही फार काळ टिकली नाहीत. २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप इ. सफरींसाठी आणले. मूळचे ते रॉयल कॅरिबियनचे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ (१९९०) असून तीन-चार रात्रींच्या लहान सफरींसाठीच बांधले गेले होते. त्याचे जागेचे गुणोत्तर सु. ३० येते. शाकाहारी व जैन भोजन आणि हिंदी चित्रपटसंगीतावर आधारित करमणूक ही त्याची वैशिष्ट्ये पाश्चात्त्य जहाजांवर सहज आढळत नाहीत. एकेकाळी विलायतेच्या डाकबोटी जेथे लागत, त्या बॅलार्ड पिअरवर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ स्थानकाचे उद्‌घाटन झाले.

सारांश, सर्वांत उत्तम कंपनी कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मुलांना रमविणे, अटलांटिकवर वाचन करणे, हिमखंड पाहणे व तीन रात्री घरच्या चवीचे जेवण घेत समुद्र अनुभवणे या चार भिन्न गरजा असून त्यांना भिन्न जहाजे लागतात. परंतु गरज कोणतीही असो, जागेचे गुणोत्तर, सेवकांचे प्रमाण, एकूण खर्च व स्वच्छतेचा अहवाल या कसोट्या सर्वांना सारख्याच लागू पडतात. त्यांच्या जोडीला नोंदणीचा ध्वज व कर्मचाऱ्यांची सेवास्थिती यांचीही विचारपूस प्रवाशांनी सुरू केली, तर तुलनेतून केवळ प्रवाशाचेच नव्हे, तर त्याची सेवा करणाऱ्याचेही हित साधेल.